हरलेला शोगीचा डाव कसा तपासावा: आधी समोरचा, मग डायरी, शेवटी मशीन

शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, महत्त्वाचा डाव हरला की बहुतेकांचं ठरलेलं असतं. लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावायचं, आलेख कुठं कोसळला ते पाहायचं, "हां, इथं गेलं" म्हणायचं आणि लॅपटॉप बंद करायचा. माझी भाची बुद्धिबळ खेळते. दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून नागपुरातल्या घराघरात पट निघालेत, त्यातलीच ही एक. तीही माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणते, "मामा, इंजिन लावून पाहा नं, मिनिटात समजते." समजतं, खरंय. कोणती चाल वाईट होती ते समजतं. ती चाल खेळताना मला ती चांगली का वाटली, हे मात्र इंजिनाला माहीत नसतं. ते फक्त मला माहीत असतं, आणि तेही सकाळपर्यंत विसरायला होतं.

म्हणून मी वेगळा क्रम लावून घेतलाय. आधी समोरच्या खेळाडूशी बोलायचं, मग स्वतःच्या डोक्यात काय होतं ते लिहायचं, आणि मशीन अगदी शेवटी. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला हे नवीन नाही, गिऱ्हाइकाला आधी "काय होऊन राहिलं?" विचारायचं, रिपोर्ट मग पाहायचा.

माझं दुकान नागपूरच्या महाल भागात आहे. रविवारी दुपारी ते बंद असतं, तेव्हा मी शोगी खेळतो. दुपार एवढ्यासाठी, की जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे. इतर दिवशी दुकान वाढवून घरी येईस्तोवर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि चांगले खेळाडू झोपलेले असतात. जपान म्हटलं की नागपूरकराला कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर आठवतं, त्यापुढं आपली गाडी सहसा जात नाही. त्यामुळं शहरात समोर बसून खेळायला कोणी मिळत नाही, सगळं ऑनलाइन.

अलीकडे एका ऑनलाइन लीगमध्ये वरच्या गटात नेणारा डाव मी हरलो. समोर ओसाकाचे एक निवृत्त गृहस्थ होते. तोच डाव उदाहरणाला घेतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पट ९ बाय ९ चा, दोघांकडे २० मोहरे. वजीर नाही, हत्ती एक, उंट एक, बाकी सोनं, चांदी, घोडे, भाले आणि ९ प्यादी. शेवटच्या तीन आडव्या रांगांत शिरलं की बहुतेक मोहऱ्यांना बढती मिळते. आणि खरी गंमत ही, की मारलेला मोहरा आपला होतो. आपल्या पाळीला चाल करण्याऐवजी तो पटावर रिकाम्या घरात उतरवता येतो. म्हणून बुद्धिबळासारखा पट रिकामा होत जात नाही, उलट शेवटी जास्तच तापतो. बरोबरी क्वचित. एका चालीचा वेग कमी पडला की खेळ संपला. याच कारणानं हरलेला डाव तपासणं बुद्धिबळापेक्षा किचकट होतं, कारण "एक प्यादं कमी पडलं" असं साधं उत्तर फारसं मिळत नाही.

हरलो म्हणायचं, आणि लगेच उठायचं नाही

जपानात पट्टीचे खेळाडू मात होण्याची सहसा वाट पाहत नाहीत. हरणारा मान झुकवतो आणि "माकेमाशिता", म्हणजे "मी हरलो", असं स्वतःच्या तोंडानं म्हणतो. त्यानंतर दोघं तिथंच बसून डाव पुन्हा मांडतात. याला कान्सोसेन म्हणतात. किताबाच्या लढतीत कॅमेरे लागलेले असतात, हरलेल्याचा चेहरा पडलेला असतो, तरी हा रिवाज चालतो. हिफुमी कातो १४ व्या वर्षी, १९५४ मध्ये व्यावसायिक झाले आणि २०१७ मध्ये निवृत्त झाले. या काळात ते हजाराच्या वर डाव जिंकले आणि हजाराच्या वर हरलेही. म्हणजे "मी हरलो" हे शब्द त्या माणसाच्या तोंडून किती वेळा गेले असतील!

ऑनलाइनमध्ये नेमकं हेच निसटतं. बटण दाबलं की खिडकी बंद. माझा सल्ला असा, की महत्त्वाच्या डावाआधीच समोरच्याला चॅटमध्ये विचारून ठेवा, की नंतर दहा मिनिटं देता का. जपानी खेळाडू शक्यतो नाही म्हणत नाहीत. भाषेचं ओझं घेऊ नका. या गृहस्थांचं इंग्रजी माझ्या जपानीच्याच तोडीचं होतं, घरांचे आकडे आणि "भीती", "चांगली", "इथे?" एवढ्या शब्दांवर आमचं निभावलं.

विचारायचं काय, हे महत्त्वाचं. "माझी चूक कुठे?" असं विचारू नका, समोरचा सभ्य असेल तर "तुम्ही छान खेळलात" म्हणून मोकळा होतो. विचारा, "तुम्हाला भीती कधी वाटली?" या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात. ओसाकावाल्यांनी ८३ व्या चालीपाशी बोट ठेवलं. तिथं माझ्या ड्रॅगननं, म्हणजे बढती मिळालेल्या हत्तीनं, त्यांच्या कोपऱ्यातला ९१ वरचा भाला मारला होता (घराच्या आकड्यातला पहिला अंक उभ्या रांगेचा, माझ्या उजवीकडून मोजलेला; दुसरा आडव्या रांगेचा, वरून मोजलेला). ते म्हणाले, भाल्याची मला काहीच फिकीर नव्हती, मी घाबरलो होतो ते ५४ वर प्यादं उतरेल म्हणून.

मला तोवर ५४ सुचलंच नव्हतं. इंजिनानं तेच दाखवलं असतं तर "ठीक आहे, मशीनला सुचतं" म्हणून मी पुढं गेलो असतो. जिवंत माणूस घाबरला होता म्हटल्यावर ते घर डोक्यात बसलं.

डायरी: झोपायच्या आधी, इंजिन न लावता

औषध कंपन्यांचे एमआर दर नव्या वर्षी डायऱ्या देऊन जातात. त्यातली एक मी शोगीला दिली आहे. प्रत्येक पानाखाली कुठल्यातरी अँटासिडची जाहिरात असते, जी हरल्यावर उपयोगी वाटते. पानावर चार उभे रकाने: चाल, मला काय वाटलं, त्यांना काय वाटलं, मशीन काय म्हणालं. पहिल्या रात्री चौथा रकाना कोराच ठेवायचा.

सगळा डाव लिहायची गरज नाही. जिथं जिथं तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, आणि जिथं वेळ घ्यायला हवा असताना चाल फटकन खेळलात, तेवढ्याच जागा घ्या. साइटवर प्रत्येक चालीचा वेळ दिसतो, तिथून त्या सापडतात. दुसऱ्या प्रकारच्या जागा जास्त मोलाच्या. भाला मी फटकन मारला होता.

माझ्या पानावर ८३ व्या चालीपुढं लिहिलंय: "भाला फुकट मिळतो. त्यांचा हल्ला सावकाश आहे. माझा मिनो पक्का." मिनो म्हणजे राजाभोवतीची एक तटबंदी: राजा २८ वर, चांदी ३८ वर, सोनं ४९ आणि ५८ वर. लिहिताना वाक्य असंच कच्चं उतरू द्या. छान मराठीत लिहायला गेलात की तुम्ही सकाळचं शहाणपण रात्रीच्या नावावर टाकता. "भाला घेऊन नंतर बचाव करणार होतो" असं मी लिहू शकलो असतो. ते खोटं झालं असतं, कारण बचावाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हताच.

आता ते तीन तुकडे वेगवेगळे तपासा. भाला फुकट मिळतो: खरं. मिनो पक्का: बाजूच्या हल्ल्याला पक्का असतो, हेही खरं, पण माझं चौथ्या उभ्या रांगेतलं प्यादं आधीच ४५ पर्यंत गेलं होतं, म्हणून ४६ चं घर उघडं पडलं होतं. त्यांच्या ड्रॅगननं ८९ वरचा माझा घोडा खाल्ला होता आणि तोच घोडा त्यांच्या हातात होता. तो ४६ वर उतरला, की एकाच वेळी ५८ चं सोनं आणि ३८ ची चांदी दोन्ही धरतो. शिवाय ८९ पासून ४९ पर्यंत तळाची रांग मोकळी, तिथून ड्रॅगन टपलेला. आणि "हल्ला सावकाश आहे" हा तिसरा तुकडा? तो मी कुठून आणला, तर कुठूनच नाही. मोजलंच नव्हतं. राहिलेलं वाक्य मनानं भरून घेतलं होतं.

एवढं झालं की इंजिन लावायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी लावलं तर आणखी बरं.

मशीन काय सांगतं आणि काय नाही

लिशोगी या शोगीच्या वेबसाइटवर डावाचं विश्लेषण फुकट होतं. सुरुवातीला तेवढं भरपूर. आलेख उघडल्यावर डोळा थेट सर्वांत मोठ्या कड्यावर जातो. माझ्या डावात तो शंभराव्या चालीच्या आसपास होता, चालीला तीस सेकंद उरले असतानाचा. तो कडा सोडून द्या. तीस सेकंदांत, राजा उघड्यावर आला असताना, कोणीही चुकतो. ती जागा तपासून "घाईत चुकू नये" एवढंच हाती लागतं, आणि ते आपल्या आजीनंही सांगितलं असतं.

मशीन जिंकण्याचे टक्के दाखवतं, त्यांवर तर मुळीच विसंबू नका. ११ ऑक्टोबर २०२३ ला क्योतोत ओझा या शोगीतल्या मोठ्या किताबाच्या लढतीचा चौथा डाव झाला. ताकुया नागासे जवळपास जिंकलेल्या स्थितीत होते, मशीनचे आकडे त्यांच्याकडे पूर्ण झुकलेले. मात्र चालीला एकेक मिनिट उरलं होतं, हाताला वेगळीच चाल आली आणि डाव उलटला. कळल्यावर नागासे डोक्यात हात घालून केस ओढताना दिसले. सोता फुजी जिंकले आणि शोगीचे आठही मोठे किताब एकाच वेळी त्यांच्याकडे गेले, जे आधी कोणालाच जमलं नव्हतं. हे दोघं एरवी एकमेकांबरोबर सराव करतात, ही त्यातली आणखी एक गोष्ट. मुद्दा असा, की "जिंकलेली स्थिती" म्हणजे कधी कधी एकच वाट उरलेली असते आणि बाकी सगळीकडे खड्डे असतात. आकडा ती वाट किती अरुंद आहे ते सांगत नाही. म्हणून इंजिनाची पहिली चाल पाहून थांबू नका. दुसरी आणि तिसरी किती मागं आहेत ते पाहा. तिन्ही जवळपास असतील तर जागा सोपी होती आणि तुम्ही तिथं चुकलात. पहिलीच एकटी वर असेल तर जागा मुळातच अवघड होती, स्वतःला फार बोल लावू नका.

८३ व्या चालीपाशी मशीननं मला तिसरंच काही दाखवलं: ५९ वर प्यादं. माझ्या सोन्याच्या पायाशी, तळाच्या रांगेत. ड्रॅगनची वाट तिथंच बंद. सोन्याखालचं प्यादं खडकाहून कठीण, अशी जपानी म्हणच आहे, आणि मला ती पाठ होती!

इथं जरा थांबा, कारण या खेळाचं सौंदर्य या एका प्याद्यात आहे. शोगीत एका उभ्या रांगेत आपली दोन साधी प्यादी चालत नाहीत. निफू म्हणतात त्याला. तसं उतरवलं तर डाव तिथंच हरला. माझी पाचवी रांग रिकामी होती आणि हातात प्यादं होतं. म्हणजे ते एक तर ५४ वर जाऊन पुढच्या चालीला ५३ वर बढती घेणार, नाही तर ५९ वर बसून घर राखणार. दोन्ही नाही. ५३ वरच्या बढती झालेल्या प्याद्याला, तोकिनला, हार नसते, अशीही म्हण आहे. ते सोन्यासारखं चालतं, पण मारलं तर मारणाऱ्याच्या हाती नुसतं प्यादं येतं. ओसाकावाले ज्याला घाबरले ते ५४ आणि मशीननं सुचवलेलं ५९ हे एकाच प्याद्याचे दोन रस्ते होते. मी बघत होतो पटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, भाल्याकडे.

मग दोन्हींतलं बरोबर कोणतं? मशीनच्या मते ५९, आणि ५४ थोडंसंच मागं. भाला बराच खाली. आणखी एक चालही वर होती: राजा २८ वरून १८ वर सरकवणं. घोडा ३८ ची चांदी मारेल तेव्हा शह बसू नये म्हणून आधीच बाजूला होणं. "राजानं वेळेवर पळ काढला तर आठ चालींचा फायदा" ही त्यावरची म्हण. आता चौथा रकाना भरा, पण चाल लिहू नका. तुमचं कोणतं वाक्य खोटं ठरलं ते लिहा. माझ्या पानावर आहे: "सावकाश नव्हता. घोडा उतरला की लगेच धमकी."

त्या जागेचं पुढं काय

ती स्थिती खऱ्या पटावर मांडा. स्क्रीनवर डोळे सराईतपणे घसरत जातात. माझा पट सुतारानं प्लायवूडवर आखून दिलेला आहे आणि मोहरे सनमायकाचे पाचकोनी तुकडे; शोगीत दोन्ही बाजूंचे मोहरे एकाच रंगाचे असतात, टोक ज्याच्यापासून दूर वळलेलं, त्याचा तो मोहरा. जपानात यामागाता प्रांतातलं तेंदो शहर मोहऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, कारागीर अक्षरं लाकडात कोरतात. आमच्या सनमायकावर मार्करनं लिहिलंय, उन्हाळ्यात घामानं पुसट होतं. चालतं.

मग दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. आधी समोरच्याच्या जागी बसा आणि तुम्ही खेळलेल्या चालीला मारून काढा. मी ओसाकावाल्यांच्या बाजूनं बसलो, ४६ वर घोडा ठेवला आणि तेव्हा कुठं उमगलं, की त्यांना किती निवांत वाटलं असेल. त्यानंतर स्वतःच्या जागी येऊन सुचलेली चाल खेळा, इंजिनाविरुद्ध किंवा कोणी मिळालं तर माणसाविरुद्ध. भाचीला नियम शिकवून मी तिला बसवलं. बुद्धिबळवाली असल्यानं मारलेले मोहरे उतरवायचं ती सारखं विसरायची, पण प्रश्न मात्र असे विचारायची की उत्तर देताना घाम फुटावा: "मामा, प्यादं इथं ठेवलं तर तो मग कुठून येईन?"

यातून सरावाला एकच गोष्ट निवडा. माझी ही: शेवटच्या टप्प्यात फुकट मिळणाऱ्या मोहऱ्याला हात लावण्याआधी, माझ्या राजाला धमकी यायला समोरच्याला किती चाली लागतात ते बोटांवर मोजायचं आणि मगच माझं मोजायचं. क्रम उलटा केला की आपला आकडा आपल्यालाच लहान दिसतो.

काही गोष्टी करू नका. हरल्या रात्री सूड म्हणून आणखी डाव लावू नका. फुटाळा तलावावर एक चक्कर मारून या, किंवा सकाळी तर्री पोहे खा. आणि ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात करायची पद्धत, बदलू नका. पराभवानंतर नवीन ओपनिंगच्या व्हिडिओंत शिरणं ही पळवाट आहे. मी हत्ती डावीकडून चौथ्या उभ्या रांगेत नेऊन खेळतो, शिकेनबिशा म्हणतात त्याला. माझा डाव ८३ व्या चालीला बिघडला, तिसऱ्या चालीला नाही. दुकानाशेजारचे भाऊ विचारतात, "काऊन हारले बे?" तर त्यांना "भाला खाल्ला" एवढंच सांगतो, ते खूश.

समोरच्यालाही कळवा. दोन आठवड्यांनी मी ओसाकावाल्यांना ५९ ची चाल पाठवली. त्यांनी उलट विचारलं, मग मी घोड्याऐवजी तळाला सोनं उतरवलं तर? त्यावर आमचं अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर त्या ठिकाणी मला ५९ वर तितका भरवसा उरलेला नाही.

पुढच्या महत्त्वाच्या डावाच्या आदल्या रात्री मात्र ही डायरी उघडू नका. तेव्हा जुनी स्थिती डोक्यात घोळत राहते आणि समोरची दिसत नाही. त्या रात्री छोटे त्सुमे, म्हणजे मात शोधायची कोडी, सोडवा, तीन चालींत मात, पाच चालींत मात, जेवढे सहज सुटतील तेवढेच. फुजी प्राथमिक शाळेत असताना, २०१५ मध्ये, व्यावसायिकांना मागं टाकून त्सुमे सोडवण्याची स्पर्धा जिंकले होते. आपल्याला तिथं पोचायचं नाही, डोळा उघडा राहिला तरी पुरे. अडलेला त्सुमे अर्ध्यावर सोडा आणि लवकर झोपा, दुपारी कूलरसमोर बसूनच खेळायचं असलं तरी.